मागे जाण्याची मुभा

वरण-बट्टीचा बेत असला की खान्देशातल्या घरात सकाळपासून लगबग असते. बट्ट्या उकडून, कापून तुपात सोडायला तयार. वांग्याची भाजी चुलीवर रटरटते आहे. लहान मुले उगाचच आत-बाहेर करताहेत. मागच्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी अमळनेरजवळच्या खेड्यात, माझ्या धाकट्या बहिणीकडे हा सगळा थाट जमला होता. अडले ते वरणापाशी. कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या, झाकण उघडले, तर तुरीची डाळ दाणा न् दाणा वेगळी! पुन्हा चार शिट्ट्या. तरी तेच. सून म्हणाली, दुकानदाराने जुनी डाळ दिली. भाचा म्हणाला, कुकरची रिंग गेली असेल. बहिणीने अहिराणीत निकाल देऊन टाकला, “पानीच खोटं शे.” नळाला त्या आठवड्यात पाणी आले नव्हते आणि स्वयंपाक बोअरवेलच्या पाण्यावर चालला होता.

त्या गोंधळात कोपऱ्यातून हळूच आवाज आला, “आजी बरोबर म्हणतेय. पाण्यात कॅल्शियम असेल.” बोलणारी होती बहिणीची नात. अकरावी सायन्सला असलेली. मी विचारले, “कॅल्शियमनं डाळीचं काय होतं?” ती गप्प झाली. “माहीत नाही, नाना. कुठेतरी वाचलं होतं,” म्हणाली आणि तिने पुन्हा पुस्तकात डोके घातले.

जेवणे उशिरा झाली. दुपारी ओसरीवर ती माझ्याजवळ येऊन बसली आणि मग खरी गोष्ट बाहेर पडली. चाचणी परीक्षेत रसायनशास्त्रात पंचविसापैकी सात गुण. “नाना, मला सायन्स झेपत नाही. मी आर्ट्सला जाते. बाबांना तुम्ही सांगा.” मी धुळ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तीस-पस्तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवून २०१६ साली निवृत्त झालेला माणूस. असे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले असेल. पण ते ऐकायचो स्टाफरूममध्ये, दोन तासिकांच्या मधल्या पाच मिनिटांत. या वेळी माझ्यापाशी भरपूर वेळ होता.

दहावीला याच मुलीला विज्ञानात उत्तम गुण होते. मग जून ते नोव्हेंबर या पाच महिन्यांत झाले काय? तिची वही उघडली आणि उलगडा झाला. आपल्याकडे मराठी माध्यमात दहावी झालेले मूल अकरावी विज्ञानाला गेले की एका सुट्टीत त्याच्या शास्त्राची भाषा बदलते. काल ज्याला चंचुपात्र म्हणत होते त्याचे बीकर होते. संयुजेची व्हॅलन्सी, अवक्षेपाचे प्रेसिपिटेट आणि अनुमापनाचे टायट्रेशन. वस्तू त्याच, पण ओळख पुसलेली. पोरीने हुशारीने घरातला इंग्रजी-मराठी शब्दकोश काढला होता. ‘मोल’ शब्दाला तिथे तीळ, चामखीळ आणि जमिनीत बिळे करणारा एक प्राणी असे अर्थ मिळाले. ‘प्रेसिपिटेशन’ला मिळाला पर्जन्यवृष्टी. “परीक्षानळीत पाऊस कसा पडेल, नाना?” तिने विचारले. मला हसू आले आणि लगेच ओशाळल्यासारखे झाले. कारण असा प्रश्न शंभर मुलांच्या वर्गात उठून कुणी विचारत नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नांवरून मी स्वतः किती वर्षे पुढे निघून गेलो असेन!

दुसरी गोष्ट घरातली. तिचा थोरला भाऊ दोन वर्षांपूर्वी नाशिकला क्लाससाठी ठेवला होता. राहणे, जेवणे, फी, सगळे कर्ज काढून केले. मुलीच्या वेळी भाच्याचे म्हणणे असे, की तिला एकटीला बाहेरगावी कसे ठेवायचे? हे वाक्य खरे होते, पण अर्धे होते. उरलेले अर्धे घरात सगळ्यांना ठाऊक होते आणि कुणी बोलत नव्हते. पैसा एकदाच खर्च होऊ शकत होता आणि तो झाला होता. त्यातच कुठल्याशा खाजगी अ‍ॅपचा प्रतिनिधी येऊन गेलेला. टॅबलेट, तीन वर्षांचे पॅकेज, मासिक हप्ते. भाच्याची सही तेवढी बाकी होती. पैसे घेऊन शिकवणारे सगळेच लबाड असतात असे मी म्हणणार नाही. पण ज्या मुलीला ‘मोल’ म्हणजे तीळ वाटतो तिला तीन वर्षांच्या पॅकेजची गरज नसते. मी भाच्याला म्हटले, “महिनाभर थांब. फुकटात काय मिळतं ते आधी पाहू.”

खरे सांगायचे तर पडद्यावरच्या शिक्षणावर माझाही फारसा विश्वास नव्हता. वाचकांपैकी पुष्कळांना १९८४ साली दूरदर्शनवर विद्यापीठ अनुदान आयोगाने सुरू केलेला ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ आठवत असेल. दुपारची वेळ, इंग्रजी निवेदन, सुंदर चित्रे. मी तो उत्साहाने पाहायचो. पण ऐन मोक्याच्या ठिकाणी वीज गेली की धडा गेला. राहिलेले वाक्य परत ऐकण्याची सोय नाही. पडद्यावरचा मास्तर वर्गातल्या मास्तरापेक्षाही घाईचा! २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हाच्या ऑनलाइन तासांनी तर ती अढी आणखी पक्की केली. एकाच घरात तीन मुले, फोन एक, आणि तोही बापाबरोबर शेतात गेलेला.

यावेळी मात्र मी मुद्दाम शोधायला बसलो आणि चकित झालो. आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ साली सुरू केलेल्या ‘एनपीटेल’मध्ये रसायनशास्त्राच्या प्राथमिक संकल्पनांपासून क्वांटम केमिस्ट्रीपर्यंत व्याख्यानमाला पडून आहेत. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले; त्याच दिवशी, इंटरनेट नसलेल्यांसाठी, ‘स्वयंप्रभा’ नावाच्या दूरचित्रवाणी वाहिन्याही. अमेरिकेच्या एमआयटीने २००१ साली आपले अभ्यासक्रम सगळ्या जगाला फुकट देण्याचे जाहीर केले. तिथल्या पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राची व्याख्याने आज अमळनेरच्या ओसरीवर बसून ऐकता येतात. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पात बोटाने प्रोटॉन-न्यूट्रॉन उचलून अणू बांधता येतो, आणि त्यातले कितीतरी खेळ मराठीत आहेत. आणि सर्वांत जवळचे म्हणजे बालभारतीच्या पुस्तकातला तो चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड. तो फोनने टिपला की धड्याचे व्हिडिओ निघतात. पुस्तक तिच्या घरात दोन वर्षे होते. कोड कुणी टिपला नव्हता.

पण एवढे सगळे समोर आल्यावर नवीच अडचण उभी राहिली. सुरुवात कुठून करायची? पोरीने अकरावीचा पहिला धडा लावला. इंग्रजी वेगवान, तिचे तोंड उतरलेले. मी म्हटले, “हे बंद कर. नववीचं पुस्तक आण.” ती चमकली. “नववीचं? नाना, मी अकरावीत आहे.” नववीच्या पुस्तकात ‘द्रव्याचे मोजमाप’ नावाचा धडा आहे. मोल त्यात आहे, आणि मराठीत आहे. तिने तो वाचला होता, परीक्षेत गुणही मिळवले होते. समजून घेतला नव्हता इतकेच. मैत्रिणी काय म्हणतील म्हणून पहिले चार दिवस तिने ते पुस्तक अकरावीच्या पुस्तकाच्या आत लपवून वाचले!

‘आपल्या गतीने शिका’ असे हे अभ्यासक्रमवाले सांगतात तेव्हा बहुतेक पालकांच्या डोळ्यांसमोर पुढे पळणारे मूल येते. सातवीत असून दहावीचे गणित सोडवणारे, वगैरे. मला मात्र यातली खरी देणगी उलट दिशेची वाटते. वर्गात मागे जाता येत नाही. घड्याळ मास्तरला जाऊ देत नाही आणि लाज मुलाला जाऊ देत नाही. इथे व्हिडिओ थांबवता येतो, पाऊणपट वेगाने लावता येतो, तेच वाक्य अकरा वेळा ऐकता येते, आणि अकराव्या वेळी मास्तरच्या कपाळावर आठी पडत नाही. ‘खान अकॅडमी’ची जन्मकथा यासाठी सांगण्यासारखी आहे. सलमान खान (सिनेमातले नव्हेत) २००४ साली बोस्टनहून दूरच्या गावातल्या आपल्या एका चुलत-मावसभावंडांपैकी मुलीला फोनवरून गणित शिकवू लागले. मग नात्यातली आणखी मुले जमली, म्हणून त्यांनी धडे यूट्यूबवर टाकले. तेव्हा त्या भावंडांनी त्यांना सांगितले, की तू समोर असण्यापेक्षा व्हिडिओतच बरा! मास्तर म्हणून हे वाचताना मला थोडे लागले. पण त्याचे कारण उघड आहे. व्हिडिओसमोर अडाणीपण लपवावे लागत नाही.

हे मला स्वतःलाही अनुभवायला मिळाले. तिच्याबरोबर बसायचे म्हणून मी एका प्राथमिक अभ्यासक्रमाची व्याख्याने ऐकू लागलो. मोलची व्याख्या आली. मी तिच्याकडे पाहून म्हटले, “बारा ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू असतात तितके कण म्हणजे एक मोल. लिहून घे.” पडद्यावरचे प्राध्यापक भलतेच सांगत होते. २० मे २०१९ पासून ती व्याख्या बदलली आहे. आता मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके कण. कार्बनचा आधार काढून घेतला आहे. इतकी वर्षे जे वाक्य मी फळ्यावर लिहिले ते जुने झाले होते आणि मला पत्ता नव्हता. पोरीने वहीतले वाक्य खोडले आणि मिश्किलपणे विचारले, “नाना, तुम्हीपण नववीचं पुस्तक आणू का?”

त्यानंतर आमची बैठक जमली. रोज रात्री साडेआठ ते साडेनऊ. मी धुळ्यात, ती गावाकडे, मध्ये फोन. रविवारी शक्य असेल तर एसटीने मीच जायचो. वहीत मधोमध रेघ मारून डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. अडले तर राज्याच्या भाषा संचालनालयाचा रसायनशास्त्र परिभाषा कोश आता संगणकावरही पाहता येतो. (मराठीत रसायनशास्त्र लिहिण्याची धडपड आजची नाही. एकोणिसाव्या शतकात कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवणाऱ्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी या विषयावर मराठीत ग्रंथ लिहिले. ते नेटाने पुढे चालले असते तर आमच्या परीक्षानळीत पाऊस पडला नसता.)

आणि धागा म्हणून आम्ही हाती धरले ते बोअरवेलचे पाणी. ही कल्पना माझी नव्हे, तिची. “डाळ का शिजत नाही तिथपर्यंत मला पोहोचायचंय,” असे ती म्हणाली. मला वाटले आठवड्याचे काम. लागले पाच महिने.

पहिली पायरी नववी-दहावीची. जमिनीतल्या दगड-मातीतून पाझरताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. तेथे ते आयनांच्या रूपात असतात. कॅल्शियमची संयुजा दोन. म्हणजे हात दोन, असे आम्ही म्हणायचो. साबणाच्या रेणूच्या ऋण टोकाला एकच हात. म्हणून एक कॅल्शियम साबणाच्या दोन रेणूंना धरतो आणि पाण्यात न विरघळणारा चिकट साका तयार होतो. फेस येतच नाही. आजीचे धुणे, बंबाच्या तळाशी साठलेला पांढरा थर, नळाच्या तोंडाची पुटे, सगळे एका समीकरणात बसले. पाणी उकळले की कॅल्शियम बायकार्बोनेट मोडून कार्बोनेट खाली बसते. ते तात्पुरते जडत्व. क्लोराइड आणि सल्फेट उकळून जात नाहीत, ते कायमचे.

साबणावरून अमळनेर आलेच. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हुसेन हाशम प्रेमजींनी अमळनेरात ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ काढली. तेलातून हायड्रोजन सोडून, निकेलच्या साहाय्याने वनस्पती तूप करायचे, आणि जोडीला कपडे धुण्याचा साबण. आज जिला जग विप्रो म्हणून ओळखते तिचे मूळ हे असे निखळ रसायनशास्त्रातले आहे. १९६६ साली वडील वारले तेव्हा अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचे शिक्षण अर्धवट सोडून परत आले. राहिलेला अभ्यास त्यांनी पुष्कळ वर्षांनी, कारखाना सांभाळत, दुरून पुरा केला आणि पदवी मिळवली. ही गोष्ट मी मुलीला सांगितली नाही, भाच्याला सांगितली. दूरचे शिक्षण म्हणजे नापासांचे शिक्षण, असे त्याच्या मनात पक्के बसले होते. तो काही बोलला नाही, पण टॅबलेटच्या हप्त्यांचा कागद त्यानंतर दिसला नाही.

डाळीचे उत्तर दुसऱ्या टप्प्यावर मिळाले. डाळीच्या दाण्यातल्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या पेक्टिन नावाच्या पदार्थामुळे. शिजताना हे पेक्टिन विरघळते आणि दाणा फुटतो. जड पाण्यातला कॅल्शियम आपल्या दोन हातांनी पेक्टिनच्या शेजारशेजारच्या साखळ्या धरून ठेवतो. गवंड्याने विटांमध्ये सिमेंट भरावे तसे! मग शिट्ट्या कितीही होवोत. चिमूटभर सोडा घातला की कॅल्शियम कार्बोनेट बनून बाजूला होतो, शिवाय पेक्टिनही आम्लारिधर्मी पाण्यात लवकर सुटते. पण सोडा चिमूटभरच. जास्त झाला तर डाळीतले ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट होते. घरच्या बायकांनी हे ऐकून घेतले आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की एवढे सांगायला तुम्हाला पाच महिने लागले?

वाट मात्र सरळ नव्हती, हे लिहिले पाहिजे. डिसेंबरात कापूस वेचणीला मजूर मिळेनात, तेव्हा पोरगी तीन आठवडे शेतात होती. वही उघडली गेली नाही. जानेवारीत नात्यातले लग्न. फोन हातात आल्यावर धड्याऐवजी रील पाहत बसल्याच्याही रात्री आहेत. आजीने त्या मोजून ठेवल्या होत्या. ‘आपल्या गतीने’ या शब्दांत एक खड्डा आहे. गती आपली म्हणजे थांबणेही आपलेच. घंटा नाही, हजेरी नाही, ओरडणारे कुणी नाही. जगभर असे अभ्यासक्रम सुरू करणारे पुष्कळ आणि पुरे करणारे थोडे, याचे कारण हेच. म्हणून रात्री साडेआठला येणारा माझा फोन. मी शिकवत फारसे नव्हतोच. “आज काय पाहिलंस?” एवढेच विचारायचो. ज्या घरात रसायनशास्त्र जाणणारे कुणी नाही, तिथे हे काम आईलाही जमेल. समजून सांगायचे नाही, समजून घ्यायचे.

ज्यांना मुदतीचा धाक हवा असेल त्यांच्यासाठी स्वयम्-एनपीटेलची दुसरी बाजू आहे, आणि ती पालकांनी नीट समजून घ्यावी. आठ किंवा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम. नाव नोंदवणे फुकट. दर आठवड्याला व्याख्याने आणि ठरलेल्या तारखेच्या आत सोडवायचा स्वाध्याय. प्रमाणपत्र हवे असेल तर फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. शंभरातले पंचवीस गुण स्वाध्यायांचे, पंच्याहत्तर परीक्षेचे. अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी सत्रातल्या चाळीस टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून करून त्यांचे श्रेयांक पदवीत धरण्याची मुभा महाविद्यालयांना दिली आहे. जळगावच्या विद्यापीठातल्या, म्हणजे ज्याला २०१८ पासून बहिणाबाईंचे नाव आहे त्या विद्यापीठातल्या मुलांनी आपापल्या महाविद्यालयात याची चौकशी जरूर करावी. तारखा संपल्यावरही व्याख्याने तिथेच राहतात; प्रमाणपत्र नको असेल तर ती आपल्या चालीने केव्हाही ऐकावीत. आमच्या मुलीने दुसरा मार्ग धरला. अकरावीतल्या मुलीने प्रमाणपत्रांच्या मागे लागू नये असे माझे मत आहे. काही शिक्षकमित्रांना ते पटत नाही.

या साऱ्याचा विचार करताना मला माझा एक जुना विद्यार्थी सारखा आठवतो. बारावीला रसायनशास्त्रात अडला, मग आयटीआयमध्ये रासायनिक कारखान्याच्या ऑपरेटरचा कोर्स करून एका कंपनीत लागला. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूर तालुक्यात वाघाडीजवळच्या रासायनिक कारखान्यात मोठा स्फोट होऊन कितीतरी माणसे दगावली. त्या आठवड्यात या विद्यार्थ्याचा फोन आला. तो वेगळ्या कारखान्यात होता, पण हादरलेला होता. “सर, मी रोज रिअ‍ॅक्टरचं तापमान वहीत लिहितो. ते का वाढतं ते मला कुणी शिकवलं नाही. आता शिकता येईल का?” वय चाळिशीकडे, पाळी रात्रीची. मी त्याला अभिक्रियांच्या वेगावरची व्याख्याने शोधून दिली. तापमान दहा अंशांनी वाढले की अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम त्याने बारावीत घोकला होता. आता त्याचा अर्थ त्याला लागला. उष्णता बाहेर टाकणाऱ्या अभिक्रियेत वेग असा पटीपटीने वाढतो, थंड पाण्याची ताकद मात्र त्या पटीने वाढत नाही. एका क्षणानंतर तिला ते ओझे पेलत नाही. तो क्षण येण्याआधी काय करायचे, हे वहीत आकडे लिहिणाऱ्या माणसाला कळायला नको? सहा आठवड्यांचा भाग त्याने पाच महिन्यांत पुरा केला, सुट्टीच्या दिवशी, कानात गुंड्या घालून. प्रमाणपत्र घेतले नाही. पगारही वाढला नाही. पुढे त्याने पाळीच्या वहीत एक नवा रकाना आखून घेतला, दर पंधरा मिनिटांना तापमान किती वाढले याचा.

आता या पद्धतीत जे नाही त्याबद्दल. मार्च संपता संपता मुलगी बी.एस्सी.च्या पातळीवरच्या एका गोष्टीपाशी पोहोचली. पाण्याचे जडत्व मोजायचे कसे? त्यासाठी ‘ईडीटीए’ नावाचा रेणू वापरतात. तो कॅल्शियमला एक-दोन नव्हे, सहा बाजूंनी कवटाळतो. झुरिच विद्यापीठात आल्फ्रेड वेर्नर यांनी धातूचा अणू आपल्याभोवती असे सहा सोबती कसे मांडतो याची उपपत्ती दिली आणि १९१३ चे नोबेल मिळवले. त्याच विद्यापीठात पुढे श्वार्झेनबाख यांनी १९४० च्या दशकात ईडीटीएने जडत्व मोजण्याची रीत बसवली. हे सारे तिने व्याख्यानांतून समजून घेतले. अमृता विद्यापीठ आणि इतर संस्थांच्या ‘व्हर्च्युअल लॅब्ज’मध्ये असले प्रयोग पडद्यावर करता येतात; तिने माउसने ब्युरेटची तोटी फिरवली, रंग बदलला, उत्तर बरोबर आले. “जमलं, नाना!” मी म्हटले, “नाही जमलं. चल माझ्याबरोबर.”

माझा एक विद्यार्थी आता महाविद्यालयात शिकवतो. त्याने सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळा उघडून दिली आणि स्वतः शेजारी उभा राहिला. आम्ही बाटलीतून बोअरवेलचे पाणी नेले होते. पन्नास मिलिलिटर पाणी शंकुपात्रात, वर बफर, त्यात दर्शक. पाणी द्राक्षाच्या सरबतासारखे लालसर झाले. अमोनियाचा वास नाकात गेल्याबरोबर ती दचकून मागे सरली. पडद्याला वास नसतो. ब्युरेट भरताना थोडे द्रावण हातावर सांडले. डाव्या हाताने तोटी, उजव्या हाताने शंकुपात्र हलवायचे, हे तिला ठाऊक होते, पण हातांना ठाऊक नव्हते. पहिल्या वेळी घाईत तोटी उघडी राहिली आणि पाणी गर्द निळे होऊन बसले. २३.१. “गेलं,” ती म्हणाली. दुसऱ्या वेळी शेवटचा मिलिलिटर थेंबाथेंबाने. लाल जांभळ्यात सरकला, जांभळा रेंगाळला, आणि एका थेंबाला स्वच्छ निळा झाला. २२.४. तिसऱ्या वेळी पुन्हा २२.४. तिने श्वास सोडला तेव्हा माझ्या लक्षात आले की मीही रोखून धरला होता.

गणित तिने फळ्यावर केले. शतांश मोलर ईडीटीएचा एक मिलिलिटर म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. का, तर त्याच्या एका मोलचे वजन शंभर ग्रॅम. इथे ती हसली, तीळ आठवून. पन्नासाचे हजार करायचे म्हणून वीसने गुणले. लिटरमागे ४४८ मिलिग्रॅम. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात २०० पर्यंत असावे, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावे. म्हणजे पिण्यापुरते चालेल, डाळीला चालणार नाही.

अशी प्रयोगशाळा सुट्टीत उघडून देणारे सगळ्यांना मिळत नाही, हे मी जाणतो. आयआयटीचे प्राध्यापक खेड्यात पोहोचले, ब्युरेट पोहोचली नाही. जळगाव-धुळ्यातल्या महाविद्यालयांत दुपारनंतर आणि सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळांना कुलपे असतात. महिन्यातला एक रविवार ती आसपासच्या अशा मुला-मुलींसाठी उघडली तर खर्च तो काय? काचेची दोन भांडी फुटतील, एक प्रयोगशाळा परिचर आणि एक शिक्षक लागेल. निवृत्त झालेले आम्ही लोक गावोगाव रिकामे बसलो आहोत, तेही उपयोगी पडू. दोन-तीन प्राचार्यांपाशी मी हे बोललो आहे. एक जण ‘पाहू’ म्हणाले.

वार्षिक परीक्षेत तिला रसायनशास्त्रात शंभरातले अठ्ठावन्न मिळाले. मिरवण्यासारखे नाहीत. पण आर्ट्सचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि बारावीचे पुस्तक तिने मे महिन्यातच आणून ठेवले.

मागच्या रविवारी परत वरण-बट्टी होती. नळाला पाणी नव्हतेच. पोरीने डाळ भिजत घालताना चिमूटभर सोडा टाकला आणि तीन शिट्ट्यांत वरण तयार झाले. मग ती आजीला पेक्टिन, कॅल्शियमचे दोन हात, ईडीटीएचे सहा हात, सगळे सांगू लागली. बहिणीने शांतपणे ऐकून घेतले. म्हणाली, “सोडा ते मी बी टाकस. त्यामा नवं काय शे?”

“मग त्या दिवशी का नाही टाकला?”

“त्या दिन डबा सापडना नही.”

पोरगी दोन क्षण पाहत राहिली. मग “थांब आजी, सोडा टाकल्यावर काय होतं ते तुला काढूनच दाखवते,” म्हणत वही आणायला आत पळाली.